गॅरेज टाकताय? आधी निदान शिका: इंजिनच्या पाच तक्रारी आणि त्या तपासायची पद्धत



"सर, चारचाकीचं गॅरेज टाकायचंय, किती भांडवल लागेल?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. जागा, डिपॉझिट, लिफ्ट, कॉम्प्रेसर यांचा हिशोब आपण नंतर करू. आज त्याच्या आधीची गोष्ट, कारण ही जमली नाही तर लिफ्ट असूनही गॅरेज बसतं.

माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. काउंटरवर रोज दोन प्रकारचे मेकॅनिक येतात. एक जण जुना पार्ट हातात घेऊन येतो आणि म्हणतो, "हा चेक केलाय, गेलाय, दुसरा द्या." दुसरा म्हणतो, "एक सेन्सर द्या, लावून बघतो." हा दुसरा बहुतेक वेळा संध्याकाळी परत येतो. "नाही हो, तो नव्हता. घ्या ना परत." आता इलेक्ट्रिकल पार्ट एकदा गाडीला बसला की दुकानदार परत घेत नाही. तसा बोर्डच असतो. मग त्या सेन्सरचे पैसे कोण भरणार? एक तर ग्राहक, नाही तर गॅरेज.

म्हणून आजचा मुद्दा एकच: पार्ट बदलण्याआधी तोच पार्ट खराब आहे हे सिद्ध करा. "लावून बघू" हा शब्द आपल्या धंद्यात नको.

आधी हिशोब बघा

आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या गावात थोडे वेगळे असतील. गाडी आली, तक्रार अशी की पिकअप नाही आणि चेक इंजिनची लाइट लागली आहे. खरा दोष आहे फाटलेला व्हॅक्यूम पाइप, किंमत २०० रुपये.

रस्ता पहिला, अंदाजाचा. ऑक्सिजन सेन्सर बदलला, ३,५०० रुपये. मजुरी ५००. ग्राहकाने ४,००० दिले. दोन दिवसांनी लाइट पुन्हा लागली. आता पाइप सापडला, तो २०० चा आणि मजुरी ३००. ग्राहक म्हणतो, सेन्सरचे ४,००० परत द्या. दिलेत तर तुमच्या खिशातून ३,५०० आणि २०० गेले, हातात आले ५००. म्हणजे ३,२०० रुपयांचा खड्डा. नाही दिलेत तर तुमची मजुरी ८०० झाली, पण ग्राहकाचे ३,५०० फुकट गेले आणि तो पुन्हा येत नाही.

रस्ता दुसरा, तपासणीचा. तपासणी फी ५००, पाइप २००, मजुरी ३००. ग्राहकाचं बिल १,००० रुपये. तुमची कमाई तीच, ८०० रुपये! पण ग्राहक खुश, गाडी एकाच फेरीत गेली, आणि तुमची जागा दुसऱ्या गाडीला मोकळी झाली.

कमाई सारखी असताना एका रस्त्यावर ग्राहक टिकतो आणि दुसऱ्यावर तुटतो. छोट्या गावात तर तुटलेला ग्राहक आणखी चार जणांना सांगतो.

तपासणीचा क्रम: हा भिंतीवर लावा

१. ग्राहकाला बोलू द्या. कधीपासून होतंय? इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर? चढावर की सिग्नलला? पेट्रोलवर की सीएनजीवर? त्याआधी गाडीवर कुठलं काम झालं होतं का? ही उत्तरं जॉबकार्डवर ग्राहकाच्याच शब्दांत लिहा.

२. तक्रार स्वतः अनुभवा. एक फेरी मारा. जी तक्रार तुम्हाला दिसलीच नाही, ती दुरुस्त झाली हे कसं सांगणार? एक अपवाद लक्षात ठेवा. ऑइलची लाल लाइट, तापलेलं इंजिन किंवा पाण्यात बंद पडलेली गाडी असेल तर फेरी मारायची नाही.

३. डोळ्यांनी बघा. ऑइल, कूलंट, एअर फिल्टर, सुटलेले पाइप, सैल टर्मिनल. आणि हो, उंदीर! बॉनेटखाली उंदराने कुरतडलेली वायर हे आपल्याकडे नेहमीचं कारण आहे. हे फुकटात कळतं.

४. स्कॅन करा. कोड लिहून घ्या, लगेच पुसू नका. कोड पुसला की त्यासोबत साठवलेली माहितीही जाते.

५. चाचणी घ्या आणि मगच पार्ट ठरवा.

६. एस्टिमेट सांगा, होकार घ्या, मग पाना हातात घ्या.

७. काम झाल्यावर पुन्हा फेरी, पुन्हा स्कॅन. ज्या परिस्थितीत तक्रार येत होती त्याच परिस्थितीत गाडी चालवून बघा.

आता एकेक तक्रार घेऊ.

१. गाडी स्टार्ट होत नाही

इथे पहिलं काम कानाचं. चावी फिरवल्यावर काय ऐकू येतं?

*टकटकटक असा भराभर आवाज:* बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल झालंय, गंजलंय. मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. पण उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी यात फरक आहे. पूर्ण चार्ज करा, मग सेल्फ मारताना व्होल्टेज बघा. ते ९.६ च्या खाली पडत असेल तर बॅटरीवर शंका घ्या. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. तिथे १२.३ च दिसत असेल तर चार्जिंग होत नाहीये. तुम्ही नवी बॅटरी विकलीत तरी ती दोन दिवसांत उतरणार. फक्त एक लक्षात घ्या, काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर कॉम्प्युटरच्या हुकमाने कमी-जास्त चार्ज करतो. तिथे आधी कंपनीचा आकडा बघा.

*एकच जाड "टक" आणि मग शांतता:* स्टार्टर मोटर, सोलेनॉइड किंवा त्यांच्याकडे जाणारी वायर. आधी अर्थिंग बघा. मल्टिमीटरची एक टोकणी इंजिनच्या धातूला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची वायर खराब आहे. स्टार्टर खोलायच्या आधी ही दोन मिनिटांची चाचणी करा.

*सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही:* आता बॅटरीला हात लावायची गरज नाही. इंधन येतंय का, स्पार्क होतोय का, आणि डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकतंय का हे बघा. चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझरला चावी ओळखू येत नाहीये. दुसरी चावी आणायला सांगा. टाकीत पेट्रोल आहे ना हेही विचारा. हसू नका, सीएनजीवर गाडी चालवणारे बरेच जण पेट्रोलकडे बघतच नाहीत.

२. मिसिंग, झटके आणि चेक इंजिनची लाइट

आपल्याकडे साधारण २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ पद्धतीचा सॉकेट असतो, सहसा स्टिअरिंगच्या खाली. स्कॅनर लावला की कोड येतो. इथेच नवशिके फसतात, कारण कोड पार्टचं नाव सांगत नाही. गडबड कुठल्या भागात आहे एवढंच सांगतो.

पी०३०१ म्हणजे एक नंबरच्या सिलेंडरमध्ये मिसफायर, पी०३०२ म्हणजे दोन नंबर, असंच पुढे. पी०३०० म्हणजे एकापेक्षा जास्त किंवा बदलत्या सिलेंडरमध्ये.

समजा पी०३०२ आला. नवी कॉइल विकत आणू नका. इंजिन बंद करा, दोन नंबरची कॉइल तीनवर लावा, तीनची दोनवर. कोड पुसा, गाडी चालवा. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. पी०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष. तीच अदलाबदल स्पार्क प्लगची करा. तिथेही काही हललं नाही तर कॉम्प्रेशन गेज लावा, मग इंजेक्टर. या चाचणीला एक रुपयाही लागत नाही. (प्रत्येक सिलेंडरला वेगळी कॉइल असेल तेव्हाच ही अदलाबदल करता येते.)

सीएनजीच्या गाड्या आपल्याकडे भरपूर, म्हणून हे पाठच करा. गॅसला पेटायला जास्त जोराचा स्पार्क लागतो. त्यामुळे पेट्रोलवर नीट आणि सीएनजीवर मिसिंग असेल तर झिजलेला प्लग, प्लगचा गॅप आणि कॉइल आधी बघा, मग गॅस फिल्टर. उलट, सीएनजीवर नीट आणि पेट्रोलवर झटके असतील तर पेट्रोलचे इंजेक्टर आणि पंप बघा. एका प्रश्नात तुमचा अर्धा शोध संपतो.

पी०१७१ हा कोडही वारंवार दिसतो. त्याचा अर्थ, इंधनाच्या मानाने हवा जास्त. स्कॅनरमध्ये फ्युएल ट्रिम बघा. साधारण अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. आयडलला ट्रिम खूप वाढलेला आणि २,५०० आरपीएमला खाली येतो, तर कुठून तरी हवा आत शिरतेय, पाइप बघा. उलट, जोर लावल्यावरच ट्रिम वाढतो तर पंप, फिल्टर, इंधनाचं प्रेशर बघा.

पी०४२० दिसला की सावध व्हा. हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा कोड आणि तो पार्ट महाग. पण सायलेन्सरच्या पाइपला लीक असेल, मिसफायर चालू असेल किंवा ऑक्सिजन सेन्सर चुकीचं वाचत असेल तरी हा कोड येऊ शकतो. आधी ते तपासा, मगच ग्राहकाला मोठा आकडा सांगा.

३. इंजिन गरम होतंय

पहिला नियम सुरक्षेचा: गरम इंजिनवर रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही. आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर येतं. दुसरा नियम: तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतायचं नाही, हेड तडकू शकतं. तुमच्या हेल्परला हे पहिल्याच दिवशी सांगा.

आता ग्राहकाला विचारा, गाडी *कुठे* गरम होते?

सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये गरम होते आणि हायवेला ठीक: पंख्याकडे बघा. वेग असला की समोरून वारा लागतो, थांबल्यावर सगळा भार पंख्यावर. फ्यूज, रिले, पंख्याची मोटर. एसी लावून पंखा फिरतो का बघा.

खंबाटकीसारखा घाट चढताना किंवा हायवेला वेगात गरम होते: कूलंट कमी, रेडिएटर चोक, थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंप. इंजिन तापलंय, वरचा पाइप गरम आणि खालचा गारच, तर थर्मोस्टॅट उघडत नसल्याची शंका घ्या.

कूलंट कमी होतंय पण खाली थेंबही दिसत नाही: आता गंभीर व्हा. टाकीत सारखे बुडबुडे येतात का? ऑइल दुधाळ चहासारखं झालंय का? सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो का? ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणं आहेत. हेड खोलायचं तर ते मशीन शॉपमधून सपाट आहे का हे तपासून घ्यावंच लागेल. नुसतं गॅस्केट बदलून हेड परत बसवलं तर काम परत येण्याची शक्यता मोठी.

आणि बोअरचं पाणी! जड पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार साचतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच भरा. ग्राहकाला हे समजावून सांगितलंत तर तो कूलंट तुमच्याकडूनच घेईल.

४. धुराचा रंग

*काळा:* इंधन जास्त, हवा कमी. एअर फिल्टर, इंजेक्टर, डिझेलमध्ये टर्बोचा पाइप आणि ईजीआर.

*निळसर:* ऑइल जळतंय. सकाळी स्टार्ट करताच एकदा येऊन थांबतो तर व्हॉल्व्हचे सील. ॲक्सिलरेटर दाबल्यावर येत राहतो तर रिंगा किंवा टर्बो. दोन्हींच्या खर्चात मोठा फरक आहे, म्हणून इंजिन काम सांगण्याआधी कॉम्प्रेशन घ्याच.

*पांढरा:* कूलंट आत जातंय. डिझेलमध्ये न जळलेलं इंधनही पांढरा धूर देतं. थंडीत सकाळी दोन-चार मिनिटं निघणारी वाफ मात्र नॉर्मल आहे. त्यासाठी ग्राहकाला घाबरवू नका.

५. ऑइलची लाल लाइट

ग्राहकाचा फोन आला, "लाइट लागली, हळूहळू आणू का?" तर एकच उत्तर द्या: "इंजिन बंद करा, मी येतो किंवा टोइंग पाठवतो." ऑइलचं प्रेशर नसताना चालवलेल्या काही मिनिटांत बेअरिंग जाऊ शकतात. मग ऑइलची पातळी बघा. पातळी ठीक असेल तर प्रेशर स्विच काढून तिथे गेज लावा. गेजवर प्रेशर बरोबर आलं तर काम स्वस्तातल्या स्विचचं. कमी आलं तर पुढे स्टार्टच करू नका.

पावसाळ्यातली खास गोष्ट

२०१९ ला सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणला काय झालं हे आपण पाहिलंय. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही. पाणी दाबलं जात नाही. सिलेंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी काढा, एअर फिल्टर आणि ऑइल बघा. पेट्रोल गाडीचे सगळे प्लग काढून मगच इंजिन फिरवा. आणि ग्राहकाला आधी विमा कंपनीला कळवायला सांगा. साध्या पॉलिसीत अशा वेळी सेल्फ मारून झालेलं नुकसान बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कव्हर असतं. जूनच्या आधी तुमच्या सगळ्या ग्राहकांना एवढा एक मेसेज पाठवा. जाहिरातीचा खर्च शून्य!

हत्यारं कुठल्या क्रमाने घ्यायची

मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर, कॉम्प्रेशन गेज, फ्युएल प्रेशर गेज, टॉर्क रेंच. पहिल्या दिवशी महागडा स्कॅनर नको. साधा ब्लूटूथ ॲडाप्टर आणि मोबाइलवरचं ॲप शिकायला पुरतं. पण एबीएस, एअरबॅगचे कोड त्यात सहसा येत नाहीत, त्यामुळे काम वाढलं की चांगला स्कॅनर घ्या.

आणि कुठलं काम *घ्यायचं नाही* हेही ठरवा. कॉमन रेल डिझेलमध्ये दाब १,००० बारच्या वर जातो. चालू इंजिनवर हात फिरवून लीक शोधला तर डिझेल कातडीतून आत शिरतं. इंजेक्टर रिपेअर, एअरबॅग, हायब्रिडची हाय व्होल्टेज बॅटरी ही कामं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडे पाठवा. पाठवलंत म्हणून ग्राहक कमी लेखत नाही, उलट विश्वास वाढतो.

"चेक करायचे पैसे कसले?"

हा प्रश्न येणारच. तयारी ठेवा. गाडी आत घेण्याआधीच सांगा: "साहेब, तपासणीचे ५०० रुपये. दोष काय, पुरावा काय आणि खर्च किती, हे तुम्हाला लिहून देतो. मग काम इथे करा किंवा दुसरीकडे." नंतर जे सापडलं ते ग्राहकाला दाखवा. मल्टिमीटरचा आकडा, कोडचा फोटो, फाटलेला पाइप. जुना पार्ट डब्यात घालून परत द्या. डोळ्यांनी दिसलं की ५०० रुपये जड वाटत नाहीत.

काही गॅरेजवाले काम तिथेच केलं तर ही फी बिलातून वजा करतात. सुरुवातीला चालेल. पण वजा करणार असाल तर बिलावर ५०० लिहून मग सूट दाखवा. तुमच्या डोक्याला किंमत आहे हे ग्राहकाला कळलं पाहिजे.

आता तुमचं काम

स्वतः मेकॅनिक नसाल तरी हे सगळं तुम्हाला यायला हवं, नाही तर मेकॅनिक सांगेल तेच बिल तुम्ही फाडणार. मुळापासून शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. ते शक्य नसेल तर सहा महिने चालू गॅरेजमध्ये काम करा, पगार कमी मिळाला तरी चालेल.

या आठवड्यात एक मल्टिमीटर आणि एक वही घ्या. घरातल्या, शेजारच्या, मित्रांच्या मिळून दहा गाड्यांची बॅटरी मोजा: इंजिन बंद असताना, सेल्फ मारताना, इंजिन चालू झाल्यावर. तीन आकडे, दहा गाड्या. दहाव्या गाडीपर्यंत चांगली बॅटरी कशी दिसते हे तुमच्या डोक्यात पक्कं बसेल. चांगलं काय ते माहीत असलं की खराब लगेच ओळखू येतं.

वहीतले आकडे कमेंटमध्ये टाका, आपण त्यावर बोलू. गॅरेजच्या जागेचा आणि भांडवलाचा हिशोब पुढच्या भागात.